जोहान्सनच्या पेटीबद्दल विचारलंस म्हणून

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दीड पान राग आणि शेवटी दोन ओळींचा ताजा कलम. राग रास्त आहे. मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणारं क्लॅम्पिंगचं फिक्स्चर तू डिझाइन केलंस, रात्रपाळीला थांबून ट्रायल घेतल्यास, सेटअपचा वेळ निम्म्यावर आणलास आणि कायझेनच्या, म्हणजे कारखान्यातल्या सुधारणांच्या, बोर्डावर फोटो लागला साहेबांचा. ड्रॉइंगवर ‘ड्रॉन बाय’च्या चौकटीतसुद्धा तुझी आद्याक्षरं नाहीत. आता तू ठरवलंयस की यापुढं डोक्यातलं कुणाला काही दाखवायचं नाही, चार पैसे साठवायचे आणि परदेश गाठायचा. यावर माझं मत हवंय.

देतो. पण आधी ता.क.चं उत्तर, कारण तो प्रश्न मला जास्त आवडला. टूलरूमच्या कपाटात स्लिप गेजची, म्हणजे मापं ताडून बघायच्या पोलादी ठोकळ्यांची, जुनी लाकडी पेटी सापडली, झाकणावर ‘जोहान्सन’ लिहिलंय, हा कोण? दुसऱ्या कुणी पेटी पुसून जागेवर ठेवली असती.

कार्ल एडवर्ड जोहान्सन १८६४ मध्ये मध्य स्वीडनमधल्या शेतकरी घरात जन्मला. अठराव्या वर्षी भावाबरोबर अमेरिकेत मिनेसोटाला गेला, लाकडाच्या गिरणीत राबला, तिथल्या गुस्तावस अडॉल्फस कॉलेजात थोडं शिकला आणि परत आला. पुढं एस्किल्स्टुनाच्या सरकारी बंदूक कारखान्यात तपासनीस झाला. त्या काळी प्रत्येक मापाला वेगळं गेज लागायचं. बंदुकीचं मॉडेल बदललं की शेकडो गेजं नव्यानं घासायची. १८९६ मध्ये स्वीडननं माउझर रायफल बनवायचं ठरवलं, तेव्हा त्याला जर्मनीत ओबर्नडॉर्फला पाठवलं. तिथली गेजांनी भरलेली कपाटं बघून हा परतीच्या गाडीत कागद घेऊन बसला. प्रत्येक मापाला एक ठोकळा कशाला? थोडेच ठोकळे असे निवडायचे, की ते एकमेकांवर चढवून हवं ते माप उभं राहील. १०२ ठोकळ्यांच्या संचात १ ते २०१ मिलिमीटरपर्यंत, दर शतांश मिलिमीटरला एक, अशी २० हजार मापं बसली.

तुला हे हातानं माहीत आहे. ३८.९७५ मिलिमीटर हवंय. आपण शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करतो: १.००५ घेतला, मग १.४७, मग ६.५, मग ३०. प्रत्येक ठोकळा शॅमीनं, म्हणजे मऊ चामड्यानं, पुसायचा, दुसऱ्यावर आडवा टेकवायचा, हलक्या दाबानं सरकवत फिरवायचा आणि मग तो सुटतच नाही. पहिल्या वर्षाची पोरं चिकटलेली जोडी उलटी धरून एकमेकांना दाखवतात, तूही दाखवली होतीस. चार ठोकळ्यांची बेरीज मायक्रॉनमध्ये खरी ठरायची, तर प्रत्येक ठोकळ्याची चूक जवळजवळ शून्य हवी, नाहीतर चुकांचीही बेरीज होते. कल्पना एका रेल्वेप्रवासात सुचली. ठोकळे तेवढे सपाट आणि तेवढे अचूक घासायचे कसे, यात वर्षं गेली. कारखान्याकडे तसं मशीन नव्हतं, म्हणून यानं घरी बायकोचं शिवणयंत्र घेतलं, सिंगरचं, आणि त्याचंच ग्राइंडिंग-लॅपिंगचं यंत्र केलं. बायको काय म्हणाली ते इतिहासात नाही. असायला हवं होतं.

पुढं त्यानं कंपनी काढली. अमेरिकेतले मोटारवाले ठोकळे घेऊ लागले. १९२३ मध्ये हेन्री फोर्डनं त्याचा अमेरिकेतला धंदा विकत घेतला आणि एकोणसाठ वर्षांचा जोहान्सन डिअरबॉर्नला फोर्डच्या नोकरीत गेला, १९३६ पर्यंत राहिला, मग मायदेशी परतून १९४३ मध्ये वारला. आणखी एक गंमत तुझ्या कामाची. ब्रिटिश इंच आणि अमेरिकन इंच तेव्हा अगदी थोड्या फरकानं वेगळे होते. जोहान्सननं आपले इंची ठोकळे सरळ २५.४ मिलिमीटर धरून, २० अंश सेल्सियसला बनवले. कुठल्या सरकारनं सांगितलं नव्हतं. सगळे कारखाने त्याच्या ठोकळ्यांवर मापं लावायला लागले, तेव्हा इंच तोच झाला. अधिकृत करार व्हायला १९५९ उजाडलं. रोज तू कॅल्क्युलेटरवर २५.४ दाबतेस ना, ते हे.

माणूस स्वीडनचा, थोडा अमेरिकेचा, आणि पेटी आपल्या टूलरूममध्ये. स्वीडन सोडून अमेरिकेत गेलेले असे पुष्कळ. १८६७ ते ६९ मध्ये तिथं पिकं बुडाली, वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झालेले, वर आगबोटीचं तिकीट स्वस्त. १९३० पर्यंत बारा लाखांवर माणूस गेलं. १९०० साली अख्ख्या स्वीडनची लोकसंख्याच ५१ लाख होती, त्यावरून अंदाज कर. त्यांच्यातल्या आणि त्यांच्या मुलानातवंडांतल्या नामवंतांच्या याद्या सापडतात आणि त्यांत अटलांटिक पार करणारा लिंडबर्ग हटकून पहिला असतो. विमान उत्तम चालवलं, त्याची राजकीय मतं मात्र मला पटत नाहीत, म्हणून त्याला पुढं जाऊ दे. विकमन नावाचा खाणकामगार मला जास्त आवडतो. १९१४ मध्ये काम सुटलं, मोटारगाड्या विकायला घेतल्या, एक खपेना, तर त्याच गाडीत पंधरा सेंट घेऊन खाणीच्या लोकांना गावोगाव सोडू लागला. ग्रेहाउंड बसचा धंदा तिथून सुरू झाला. पण तुझ्या रागावर औषध असलेली माणसं दुसरी आहेत.

पर्सची चेन एकदा भिंगाखाली धर. ती चेन गिडिऑन सुंडबॅकची. १८८० चा जन्म, स्मोलंड प्रांतातला, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून १९०५ मध्ये अमेरिकेत आला, आधी वेस्टिंगहाउसमध्ये आणि मग होबोकनच्या एका डबघाईच्या कंपनीत लागला. सरकत्या बंदाची कल्पना त्याची नव्हेच. व्हिटकम जडसन या अमेरिकनानं १८९३ मध्येच पेटंट घेतलं होतं. पण जडसनचा बंद आकडे आणि कड्यांचा, ऐन वेळी सुटायचा. चारचौघांत परकर उघडा पडणार असेल तर कोण विकत घेणार? सुंडबॅकनं आकडे काढून टाकले. प्रत्येक दातावर वर खळगा, खाली उंचवटा, दोन्ही बाजूंचे दात सारखेच. इंचाला चार होते ते दहा-अकरा केले, म्हणजे एकावरचा ताण दहांत वाटला गेला. हे १९१३ चं, पेटंट १९१७ चं.

इथवर सगळे सांगतात. पुढचं टूलरूमवाल्यानं सांगायचं. इतके बारीक दात, इंचाला दहा, बनवणार कसे? हातानं कापून बसवले तर चेन कापडापेक्षा महाग. सुंडबॅकनं त्याचं यंत्रही केलं. इंग्रजी वाय अक्षराच्या छेदाची तार घ्यायची, तिच्या चकत्या पाडायच्या, म्हणजे दाताचे दोन पाय तारेच्या आकारातूनच आयते मिळतात. पंचनं डोक्यात खळगा आणि उंचवटा काढायचा, आणि पाय कापडी पट्टीच्या काठावर दाबून बसवायचे. ओळीत, ठरलेल्या अंतरावर, भंगार जवळपास नाही. प्रोग्रेसिव्ह डाय (पट्टी पुढं सरकवत टप्प्याटप्प्यानं भाग पाडणारा साचा) शिकलेल्या मुलीला यात काय सौंदर्य आहे ते मी समजावायला नको. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी हे यंत्र चाललं आणि गुडरिचनं १९२३ मध्ये रबरी बुटांना ही चेन लावल्यावर मागणी वाढली.

माझं तुला सांगणं इथंच आहे, एकदाच सांगतो. साहेबांनी तुझी फोटोची जागा घेतली, फिक्स्चर नाही घेतलं. उद्या पार्ट बदलला, कास्टिंगचा स्टॉक, म्हणजे कापून काढायचा जादा धातू, दोन मिलिमीटरनं वाढला, की ते फिक्स्चर परत कुणाला बसवता येणार आहे? ती कल्पना उभी करताना तुझ्या हाताला जे कळलं, कुठला पॅड घसरतो, कूलंट कुठं साचतं, ते बोर्डावर लावता येत नाही. लपवायचं म्हणून लपवशील, तर ट्रायल कुणाच्या मशीनवर घेणार? कपाटात ठेवलेली कल्पना जडसनच्या आकड्यांएवढीच पक्की राहते.

म्हणून गप्प बस, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. जॉन एरिक्सन बघ (फोनवाला एरिक्सन वेगळा). १८०३ चा, वेर्मलंडचा. पोरवयात योता कालव्याच्या कामावर ड्रॉइंग काढायला लागला. इंग्लंडमध्ये १८२९ च्या रेनहिलच्या रेल्वे इंजिनांच्या शर्यतीत त्याचं आणि ब्रेथवेटचं इंजिन चपळ निघालं, पण मोडलं आणि स्टीव्हन्सन जिंकला. पुढं लंडनला कर्जापायी तुरुंगही झाला. १८३९ मध्ये अमेरिकेत येऊन त्यानं ‘प्रिन्स्टन’ ही नौदलाची स्क्रूवर (पाण्याखालच्या फिरत्या पंख्यावर) चालणारी युद्धनौका केली. श्रेय कॅप्टन स्टॉक्टननं घेतलं. तुझी गोष्ट आहे की नाही? पण पुढं ऐक. नौकेवर दोन मोठ्या तोफा होत्या, एक एरिक्सनची आणि एक स्टॉक्टननं करवून घेतलेली. २८ फेब्रुवारी १८४४ ला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नौकेवर असताना, स्टॉक्टनवाली फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघंही जागच्या जागी गेले. श्रेयाच्या वेळी एरिक्सन आठवला नव्हता, ठपक्याच्या वेळी बरोबर आठवला. त्याच्या कामाचे पैसे नौदलानं दिलेच नाहीत.

तो चिडला, आणि चिडका तो होताच. नौदलाशी बरीच वर्षं फटकून राहिला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचे लोक लोखंडी चिलखताची नौका बांधताहेत अशी बातमी आली आणि बुशनेल नावाचा उद्योजक त्याच्याकडे एका दुसऱ्याच नौकेबद्दल सल्ला विचारायला आला. एरिक्सननं सल्ला दिला आणि वर आपल्या नौकेचा जुना नमुना काढून दाखवला. तसाच आराखडा त्यानं १८५४ मध्ये फ्रान्सच्या सम्राटाला पाठवला होता, तिथं कुणी घेतला नव्हता. ही ‘मॉनिटर’. ब्रुकलिनमध्ये साधारण शंभर दिवसांत बांधली. डेक जेमतेम पाण्यावर, मधोमध वीस फूट व्यासाचा फिरता लोखंडी बुरूज, त्यात दोन तोफा. ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत ती दक्षिणेच्या चिलखती ‘व्हर्जिनिया’समोर तासन्‌तास उभी राहिली. कुणीच जिंकलं नाही, पण लाकडी युद्धनौकांचे दिवस भरले हे जगाला कळलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती केप हॅटरसजवळ वादळात बुडाली. तिचा बुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला.

यात तुझ्यासाठी दोन गोष्टी. फिरत्या बुरुजाची कल्पना टिम्बी नावाच्या दुसऱ्याच माणसानं आधी मांडली होती, आणि एरिक्सनच्या भागीदारांनी त्याला त्यापोटी पैसे मोजले. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याही नौकेत कुणाचं तरी देणं होतं. तुझ्या फिक्स्चरमधला टॉगल तू कुठं बघितला होतास? ज्या ऑपरेटरनं लोकेटिंग पिन उलट्या बाजूला घ्यायला सुचवलं, असं तूच पत्रात लिहिलंस, त्याचं नाव तुझ्या रिपोर्टमध्ये आहे का? दुसरी गोष्ट कराराची. मॉनिटर नापास झाली तर सगळे पैसे परत करायचे, अशी अट त्या करारात होती. एवढं पोळल्यावरही त्यानं ती मान्य केली. मी केली नसती, आणि तूही करू नकोस.

आता याद्यांतली एक खोट तुझ्या लक्षात आली असेल: सगळे पुरुष. स्वीडनहून हजारो तरुण मुली एकट्या गेल्या, शिकागो-मिनिआपोलिसच्या घरांतून मोलकरणी झाल्या, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. एकीचं सांगतो. मेरी अँडरसन, लिडशोपिंगची, १८७२ चा जन्म. सोळाव्या वर्षी बहिणीबरोबर बोटीत बसली. मिशिगनमध्ये लाकूडतोड्यांच्या खाणावळीत भांडी घासली. नंतर इलिनॉयला बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसली आणि वर्षानुवर्षं बसली. तिथून शिलाई करणाऱ्यांच्या युनियनची अध्यक्ष झाली. शिकागोतल्या कपडे कामगारांचा १९१०-११ चा मोठा संप मिटला, करार झाला, टाळ्या झाल्या. आणि मग खरं किचकट काम तिच्याकडे आलं: करारात लिहिलंय तसं फ्लोअरवर होतंय का, हे दोन्ही बाजूंकडून रोज पाळून घ्यायचं. १९२० मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यात महिला विभाग निघाला. त्याची पहिली प्रमुख म्हणून हिला नेमलं आणि १९४४ पर्यंत ती त्या खुर्चीत होती. तिचा विभाग कारखान्यात जाऊन माहिती गोळा करायचा, बायका किती तास उभ्या असतात, पुरुषाच्या तुलनेत किती मिळतं, आणि छापून समोर ठेवायचा. बोलणं आकड्यांत. तुझ्या साहेबांशी बोलताना हीच रीत ठेव. “माझ्यावर अन्याय झाला” याला उत्तर असतं, “टीमवर्क आहे, मनावर घेऊ नकोस.” “ही स्केचेस, या तारखा, हे ट्रायल रिपोर्ट, ‘ड्रॉन बाय’ दुरुस्त करून पुढची रिव्हिजन काढू या का?” याला उत्तर द्यायला त्यांना दोन दिवस लागतील.

आणि पेटंट? तुझा भाऊ म्हणतो पेटंट घेऊन मगच बोल. भावाला चेस्टर कार्लसन सांग. स्वीडिश आजी-आजोबांचा नातू, १९०६ चा, सिॲटलचा. आईबाप क्षयाचे, पोरवयात घर यानं चालवलं. नोकरी एका कंपनीच्या पेटंट विभागात, तिथं नकला करून करून बोटं मोडायची, म्हणून नकला काढायचं यंत्र डोक्यात आलं. नीट बघ, त्यानं कोणत्या क्रमानं केलं. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशानं प्रयोग केले. १९३७ मध्ये अर्ज दाखल केला. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात भाड्याच्या खोलीत, ऑटो कॉर्नाय या मदतनिसाबरोबर, गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालानं घासून विजेनं भारली, वर तारीख आणि अस्टोरिया लिहिलेली काच ठेवली, दिवा दाखवला, बारीक पूड भुरभुरली आणि फुंकली. अक्षरं उरली. मेणकागदावर दाबून घेतली. झाली पहिली झेरॉक्स. त्यानंतर त्यानं काही लपवलं नाही, उलट दारोदार दाखवत फिरला आणि वीसेक कंपन्यांनी नको म्हटलं, त्यांत आयबीएमसारखी मोठी नावं. खरं ऑफिसात चालणारं मशीन बाजारात आलं १९५९ मध्ये. कॉर्नायनं केव्हाच कंटाळून आपला दहा टक्क्यांचा हिस्सा सोडला होता. श्रीमंत झाल्यावर कार्लसननं त्याला आठवणीनं कंपनीचे शंभर शेअर भेट पाठवले. बहुतेक पैसा त्यानं असाच वाटून टाकला. पुनर्जन्मावर संशोधन करणाऱ्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयन स्टीव्हन्सन यांनाही मोठी देणगी ठेवली. याच स्टीव्हन्सन यांनी पुढं नागपूरच्या एका मराठी बाईंचं, अचानक बंगाली बोलू लागण्याचं, गाजलेलं प्रकरण अभ्यासलं. पुनर्जन्माबद्दल मला विचारू नकोस.

तुझ्या बाबतीत फरक हा, की ते फिक्स्चर तू कंपनीच्या वेळात, कंपनीच्या मशीनवर केलंस. अपॉइंटमेंट लेटरमधलं बारीक अक्षरांतलं कलम वाच, मालकी बहुधा त्यांची असेल. पण मालकी वेगळी आणि कर्ता म्हणून नाव वेगळं. पेटंटच्या कागदावरही शोधकर्त्याचं नाव स्वतंत्र लिहितात. नावासाठी भांड.

त्यासाठी वही लागते. ग्लेन सीबॉर्ग, प्लुटोनियमवाला, १९५१ चा नोबेल, आई स्वीडनहून आलेली, घरी स्वीडिश बोलणारा. यानं १९२७ मध्ये, चौदाव्या वर्षी रोजनिशी सुरू केली ती म्हातारपणापर्यंत. कुठल्या दिवशी कोणता नमुना, कोण हजर, काय फसलं. अमेरिशियम या मूलद्रव्याचं पेटंट त्याच्या नावावर आहे आणि त्यातला पहिला दावा एवढाच: मूलद्रव्य ९५. एवढ्या कमी शब्दांत दावा मांडायचा तर मागं केवढ्या वह्या लागत असतील! आणि हा गडी हायस्कूलच्या अकरावीपर्यंत विज्ञानाच्या वाटेला गेला नव्हता. एका मास्तरांनी गोडी लावली.

परदेशाचं म्हणशील तर जा. रागानं नको, कामासाठी जा. जोहान्सन जाऊन आला, परत गेला, परत आला, सुंडबॅक तिथलाच झाला. श्रेय न देणारे साहेब दोन्हीकडे असतात.

सोमवारी एवढं कर. पानांना नंबर घातलेली बांधीव वही घे, सुट्या पानांची नको. फिक्स्चरची आठवेल तेवढी हकिकत तारखांसकट लिही, पिन सुचवणाऱ्या ऑपरेटरचं नाव घालून, आणि त्याची सही घे. पार्टमधल्या व्हेरिएशनसाठी बदलता येणारा पॅड तू म्हणाली होतीस, त्याचं ड्रॉइंग काढ, ‘ड्रॉन बाय’ आधी भर आणि मला पाठव, टॉलरन्स स्टॅकसकट, म्हणजे मापांतल्या चालणाऱ्या चुकांची बेरीज मांडून. आणि त्या पेटीतल्या ठोकळ्यांना उघड्या हातानं हात लावू नकोस. घामानं गंजतात. व्हॅसलीन लावून ठेव, कॅलिब्रेशनला पाठवायला सांग. एवढ्या वर्षांनी किती मायक्रॉन झिजलेत ते मलाही बघायचंय.

तुझे,
सर

ता.क. शॅमी धुवून वाळवून वापर.